नेतृत्वाचें शिक्षण

'नेता' हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें व्यासपीठ, पुष्पहार व टाळ्यांचा कडकडाट उभा राहतो. शब्दाचा मूळ अर्थ पाहूं गेल्यास नेता म्हणजे नेणारा, दहाजणांस बरोबर घेऊन वाट चालणारा. ही वाट चालण्याची संवय कोणत्या वयांत लागते, आणि ती लागल्यास पुढील आयुष्याच्या उद्योगांत तिचा काय उपयोग होतो, हा प्रश्न आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस व त्यांच्या पालकांस सारखाच महत्त्वाचा आहे. हल्लीं शहरोशहरीं सुट्टीच्या दिवसांत नेतृत्व-शिबिरें भरतात. फी भरावी, चार दिवस राहावें, भाषण करण्याची हातोटी शिकावी व प्रशस्तिपत्रक घेऊन घरीं यावें, असा त्यांतील अनेकांचा क्रम असतो. एवढ्यानें नेतृत्व अंगीं बाणतें काय?

ह्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं आपणांस खानदेशाबाहेर जाण्याचें कारण नाहीं. सन १९२४ मध्यें पांडुरंग सदाशिव साने हे तरुण गृहस्थ अमळनेरच्या शाळेंत शिक्षक म्हणून लागले. पुढें छात्रालयाची व्यवस्थाहि त्यांजकडे आली. त्यांनीं मुलांस नेतृत्वावर व्याख्यानें दिलीं नाहींत. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतःच्या हातांनीं आवरीत. मुलांसाठीं ते 'छात्रालय' नांवाचें हस्तलिखित दैनिक काढीत, आणि त्यांतून देशांतील व जगांतील विचार त्या लहानशा गांवांतील मुलांपर्यंत पोंचत. ज्याची खोली गुरुजींनीं झाडली, त्या मुलास दुसऱ्या दिवशीं केरसुणी हातीं घेण्यास निराळें सांगावें लागत नसे. सन १९३० मध्यें नोकरी सोडून गुरुजी सत्याग्रहांत गेले. म्हणजे अमळनेरचा हा काळ अवघा सहा वर्षांचा. तरी साने गुरुजींचें नांव निघालें कीं खानदेशास त्यांच्या ग्रंथांइतकेंच तें छात्रालय आठवतें.

सन १९४१ मध्यें पुण्यास राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाली व एस. एम. जोशी तिचे प्रमुख झाले. साने गुरुजींचा ह्या दलावर जीव होता. मुलामुलींनीं एकत्र येऊन खेळावें, गावें, श्रमदान करावें व कलापथकांतून गांवोगांव लोकांस जागें करावें, असा त्याचा क्रम. ह्या कलापथकांतून निळू फुले व राम नगरकर ह्यांसारखे नट पुढें आले. शिरपूरच्या पाटील कुटुंबांतील स्मिता पाटील हिनेंहि बालपणीं सेवा दलांत भाग घेतला होता. पुढें १९७६ चा 'मंथन', १९७७ चा 'भूमिका' अशा चित्रपटांतून तिनें श्रमणाऱ्या व सोसणाऱ्या स्त्रियांचीं दुःखें पडद्यावर आणलीं. ह्यांपैकीं कोणी नेतृत्वाचें प्रशस्तिपत्रक मिळवून नट झालें नाहीं. परंतु लोकांत मिसळण्याची लहानपणची संवय त्यांच्या कलेच्या उपयोगीं पडली असावी, असें म्हणण्यास जागा आहे.

दुसरें उदाहरण जळगांवचें. श्रीमती प्रतिभा पाटील ह्यांचें शिक्षण जळगांवच्या आर. आर. विद्यालयांत व मूळजी जेठा महाविद्यालयांत झालें. तेथें त्या टेबल टेनिस खेळत व आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत त्यांनीं ढाली जिंकल्या. सन १९६२ मध्यें, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, त्या विधानसभेवर निवडून गेल्या. जिल्ह्यांतील महिला गृहरक्षक दलाच्या संघटनेचें कामहि त्यांनीं केलें, आणि २००७ मध्यें त्या भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपति झाल्या.

येथें कोणी चतुर वाचक विचारील, "शिबिरानें माणूस घडला, कीं घडणारा माणूसच शिबिरांत गेला?" हा आक्षेप रास्त आहे. स्मिता पाटील हिच्या घरीं आईवडील दोघेहि सार्वजनिक कार्यांत होते. तेथें दलानें किती दिलें व घरानें किती, हें कोण तोलणार? खेळांतील ढालीनें राष्ट्रपतिपद मिळतें असेंहि कोणी म्हणणार नाहीं. परंतु ह्या आक्षेपांतूनच आमचें म्हणणें अधिक बळकट होतें. ज्यांच्या घरीं हें शिक्षण आयतें मिळतें, त्यांस शिबिराची फारशी गरज नाहीं. ज्यांच्या घरीं तें मिळत नाहीं, त्यांस शाळेवांचून दुसरें ठिकाणच नाहीं!

आणि नेमका तोच मुलगा आज बाहेर राहतो. सुट्टी लागली कीं जो कापूस वेंचण्यास किंवा केळीच्या बागेंत मजुरीस जातो, सातपुड्याच्या पाड्यावरून येऊन जो वसतिगृहांत अबोल बसतो, ज्या मुलीस धाकट्या भावंडांसाठीं घरीं राहावें लागतें, त्यांनीं शिबिराची फी कोठून भरावी? शाळेंतहि वर्गनायक कोण, तर वर्षानुवर्षें तोच पहिल्या बाकावरचा हुशार विद्यार्थी! ज्यास बोलतां येतें त्यासच बोलावयास उभें करावयाचें, हें पोहणाऱ्यासच पोहणें शिकविण्यासारखें आहे.

सन १९०७ मध्यें बेडन पॉवेल ह्यांनीं इंग्लंडांत ब्राउनसी बेटावर बालवीरांचें पहिलें शिबिर भरविलें, तेव्हां सुमारें वीस मुलांच्या चार तुकड्या करून प्रत्येक तुकडी एका मुलाच्याच हवालीं केली. त्यांतील मर्म आजहि खरें आहे. तुकडी लहान असावी, काम खरें असावें व चुकल्यास तें सुधारण्याची जबाबदारी त्या मुलाचीच असावी. ह्यास पैसा लागत नाहीं. स्नेहसंमेलनाचा जमाखर्च, ग्रंथालयांतील पुस्तकांची देवघेव, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था, क्रीडांगणाची आंखणी हीं कामें शाळेंत आहेतच. तीं प्रत्येक सहामाहीस पाळीपाळीनें निरनिराळ्या मुलामुलींकडे द्यावीं. हिशेबांत चार आणे कमी आले तर शिक्षकांनीं ते स्वतः भरूं नयेत. मुलानें वही पुन्हां तपासावी व भरल्या वर्गांत उत्तर द्यावें. असा मुलगा पुढें सहकारी सोसायटीचा चिटणीस होवो, जिनिंगमध्यें कारकून होवो, कीं स्वतःचें दुकान थाटो. दुसऱ्याच्या पैशास हात लावतांना त्यास ती वही आठवेल. रुग्णालयांत परिचारिका झालेली मुलगी रात्रपाळींत गोंधळ उडाल्यास इतरांकडे न पाहतां पहिलें पाऊल स्वतः उचलील.

सर्वच मुलें मंत्री अथवा राष्ट्रपति व्हावयाचीं नाहींत. तशी अपेक्षाहि कोणी करूं नये. परंतु प्रत्येकाच्या आयुष्यांत असा एक प्रसंग येतोच, कीं तेथें कोणींतरी पुढें व्हावें लागतें. त्या वेळीं पाय मागें न सरावा, एवढ्याचसाठीं हें शिक्षण. म्हणून, बंधुभगिनींनो, येत्या वर्षीं वर्गांत एखादें काम वांटलें जाईल, तेव्हां आपल्या शेजारच्या अबोल सोबत्याचें नांव सुचवा. आणि तो अडखळला तर हंसूं नका, त्याच्या जोडीस उभे राहा. दहाजणांस बरोबर घेण्याचा पहिला धडा तेथेंच गिरवला जाईल.