तहानेला तारीख नसते

मुंबईला पाण्याचा तुटवडा आहे, हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याची शहानिशा करण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. तानसा, भातसा, वैतरणा आदी सात जलाशयांतून या महानगराला दररोज सुमारे 4,000 दशलक्ष लिटर पाणी पुरविले जाते. लोकसंख्या दीड कोटी धरली तरी माणशी अडीचशे लिटरांहून अधिक पाणी वाट्यास यावे. मग वस्त्यावस्त्यांतून पहाटे हंडे घेऊन उभ्या राहणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याचे पाणी मुरते कोठे?

गळती आणि चोरी हे या प्रश्नाचे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे महापालिकेच्या मापातच दडलेले आहे. इमारतीतील माणसाला दिवसाला 135 लिटर आणि झोपडीतील माणसाला 45 लिटर, असे हिशेब याच पालिकेने वर्षानुवर्षे केले. त्याहून कठोर न्याय तारखेचा. झोपडी 1995 पूर्वीची की नंतरची, पुढे 2000 पूर्वीची की नंतरची, यावर नळ मिळायचा की नाही हे ठरू लागले. जणू माणसाची तहान शिधापत्रिकेवरील तारीख पाहून लागते!

मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये हा न्याय झिडकारला. पाण्याचा हक्क हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे. घर अनधिकृत आहे एवढ्यावरून ते नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. त्यानंतर 2017 मध्ये धोरण आले. परंतु केंद्र सरकारच्या जमिनीवरील वस्त्या ‘ना हरकत’ दाखल्यात अडकल्या आणि पदपथावर राहणाऱ्यांना वगळण्यात आले. मे 2022 मध्ये सर्वांना पाणी देण्याच्या नव्या धोरणाची घोषणा झाली. घोषणेने हंडा भरत नाही.

झोपडपट्टीवासी फुकटे आहेत, असा आरोप सुखवस्तू वर्ग करतो. हिशेबच मांडावयाचा तर असा मांडावा: पालिकेचे घरगुती पाणी हजार लिटरला दहा रुपयांच्या आत मिळते. ज्याला नळ नाही, तो चाळीस लिटरच्या कॅनला वीस रुपये मोजत असेल तर हजार लिटरला पाचशे रुपये देतो. फुकटा कोण? नळ नाकारला की पाणी थांबत नाही. ते टँकरवाल्याच्या आणि पाणीमाफियाच्या तिजोरीतून वाहू लागते.

1888 च्या महापालिका कायद्याने पाणीपुरवठ्याची व्यवस्था हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले. गोरेगावच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या मृणाल गोरे यांना जनतेने ‘पाणीवाली बाई’ म्हटले, ते याच कर्तव्याची आठवण करून दिल्याबद्दल. 2025-26 साठी 74,427 कोटी रुपयांचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या पालिकेला पैशाच्या अभावाची सबब सांगता येणार नाही.

मागणी साधी आहे. तारखेची आणि दाखल्याची अट काढा, जेथे माणूस राहतो तेथे नळ द्या, आणि माप एकच ठेवा. हे दान नव्हे. सव्वाशे वर्षांहून जुने देणे आहे.