गुरुजी टिकवायचे तर भाव द्या

जिल्हा परिषदेच्या शाळेत नवे गुरुजी येतात. मुलांची बोली त्यांच्या कानात बसते, कापूस वेचणीच्या दिवसांत कोणते मूल घरी थांबते हे त्यांना कळू लागते, आणि तेवढ्यात बदलीचा आदेश येतो. कोरडवाहू गावांना हे नवीन नाही. आम्ही दोष गुरुजींना देत नाही. नियमच तसा आहे.

२७ फेब्रुवारी २०१७ च्या बदली धोरणाने शाळांची अवघड आणि सर्वसाधारण अशी वाटणी केली. अवघड क्षेत्रात ३ वर्षे काढली की शिक्षकाला बदलीचा हक्क मिळतो. २०२१ च्या सुधारित धोरणातही तो राहिला. म्हणजे अवघड गावात राबण्याचे बक्षीस काय, तर ते गाव सोडण्याची मुभा! पगाराचेही तसेच. १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, २४ वर्षांनी निवड श्रेणी. ही वर्षे डांबरी रस्त्यालगत काढली काय आणि चिखलाच्या पांदणीच्या टोकाला काढली काय, मोल एकच.

सरकारचा दुसरा उपाय सक्तीचा. मुख्यालयी राहा, नाहीतर घरभाडे बंद. सक्तीचे काय होते हे कापूसवाल्यांना शिकवायला नको. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली, राज्याबाहेर कापूस नेण्यास बंदी झाली. पण सीमेपलीकडे भाव चढला की कापूस रात्रीतून जायचाच. गुरुजीही कागदावर गावात राहतात आणि संध्याकाळच्या एस.टी.ने तालुका गाठतात.

भाव दिला तर माणूस येतो. गांबिया हा आफ्रिकेतला भुईमूग-बाजरीचा कोरडवाहू देश. तिथे २००६ पासून दूरच्या विभागांत, मुख्य रस्त्यापासून ३ किलोमीटरपेक्षा आत असलेल्या शाळांतील शिक्षकांना मूळ पगाराच्या ३० ते ४० टक्के जादा भत्ता देण्यात आला. त्या शाळांत प्रशिक्षित शिक्षकांचे प्रमाण शंभरामागे सुमारे १० ने वाढले. मुलांचे गुण मात्र सरसकट वाढले नाहीत. नुसत्या चांगल्या बियाण्याने पीक येत नाही, पण त्यावाचूनही येत नाही.

आपल्या राज्यातही ६ ऑगस्ट २००२ च्या निर्णयाने आदिवासी व नक्षलग्रस्त भागातील कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन भत्ता आणि एकस्तर वरची वेतनश्रेणी ठरली, तीही त्या भागात असेपर्यंतच. तत्त्व बरोबर आहे. ते बाकीच्या अवघड गावांच्या वेशीत यायला हवे.

'आमच्या कापसाला भाव नाही आणि पगारदाराला आणखी कशाला?' असे सभेत विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. पण सरसकट पगारवाढ आम्ही मागत नाही. आज पोरगं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायचे तर फी आणि गाडीभाडे कापसाच्या चुकाऱ्यातूनच जाते. ज्याला ते झेपत नाही, त्याचे मूल दर ३ वर्षांनी नव्या माणसाच्या हाती. न दिलेल्या भत्त्याची किंमत आपणच मोजतो आहोत.

म्हणून आमच्या मागण्या तीन. अवघड क्षेत्रातील प्रत्येक शाळेला भत्ता द्या. त्याच शाळेत राहणाऱ्याला तो चौथ्या वर्षापासून वाढत जावा, आणि बदली घेतली की थांबावा. तो देण्याआधी हजेरीची खातरजमा शाळा व्यवस्थापन समितीने करावी. गावकऱ्यांनीही आपला वाटा उचलावा: गुरुजींना कुटुंबासह राहता येईल असे घर गावात मिळवून द्यावे.

पुढच्या ग्रामसभेत हा ठराव करा आणि त्याची नक्कल जिल्हा बैठकीला घेऊन या. घामाला दाम हे आपले तत्त्व आहे. ते शाळेच्या दाराशी सोडून चालणार नाही.