एक भिंत अबोल असू द्या

गेल्या आषाढात बेंबळीला मामेबहिणीकडे गेलो होतो. सकाळी तिचा सात वर्षांचा मुलगा शाळेला निघाला, तेव्हा आम्ही दोघेही त्याच्याबरोबर गेलो. मास्तरकीचा पेशा, दुसऱ्याची शाळा पाहिल्याशिवाय माझा पाय गावातून निघत नाही.

वर्ग पाहून मी खूष झालो. हल्ली आपल्या शाळांतून ‘बोलक्या भिंती’ असतात. इथेही एका भिंतीवर बाराखडी, दुसरीवर पाढे, तिसरीवर फळे नि पक्षी. वर दोऱ्याला टांगलेली चित्रे वाऱ्याने हलत होती. भाचा मात्र वहीकडे पाहीचना. कधी पंखा, कधी पोपट, कधी दारातली शेळी! मी प्राध्यापकी थाटात म्हणालो, “अगं, याचं लक्षच नाही. जरा धाक हवा.”

बहीण शांतपणे म्हणाली, “दादा, लक्ष नाही असं कसं? त्याचं सगळीकडेच लक्ष आहे.”

मी वरमलो. भाचा स्वमग्न आहे. तुमच्या-आमच्या मनाच्या दाराशी एक द्वारपाल असतो. पंख्याची घरघर तो बाहेर थांबवतो आणि बाईंचा शब्द तेवढा आत सोडतो. अशा अनेक मुलांचा द्वारपाल सगळ्यांनाच आत घेतो. मग आत जत्रा भरते, आणि बिचारी बेरीज दाराशीच चेंगरते!

भाद्रपदात पुन्हा गेलो, तो वर्गाचा एक कोपरा बदललेला. कोऱ्या भिंतीकडे तोंड केलेले लहान टेबल, एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचा आडोसा. डाव्या हाताला तीन डबे, प्रत्येकात एक काम. उजवीकडे रिकामी टोपली. काम झाले की डबा टोपलीत, डबे संपले की खेळ. काम कोणते, किती, संपले कधी आणि पुढे काय, हे मुलाला सांगावे न लागता दिसावे, ही त्यातली युक्ती. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये एरिक शॉपलर यांच्या ज्या कार्यक्रमाने ही पद्धत घडवली, तो १९७२ साली राज्यभर सुरू झाला.

बहिणीच्या सासूबाई मात्र संतापल्या होत्या. “माझ्या नातवाला वाळीत टाकलंय व्हय?” त्यांचे तरी काय चुकले? कोपरा म्हणजे शिक्षा, हेच आपण शिकलो. बाईंनी त्यांना वर्गातच आणून बसवले. नातवाने तिन्ही डबे संपवले, उठला, आणि खिचडीच्या पंगतीत सर्वांत जाऊन बसला. कोपरा एकट्याच्या कामापुरता. गाणी, गोष्टी, जेवण सगळ्यांबरोबर. एवढ्यात दुसराच एक मुलगा म्हणाला, “बाई, मी बसू का तिथं?” आजी हसल्या.

त्या मुलाचेही खरेच होते. २०१४ साली अमेरिकेतच कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी बालवर्गातल्या चोवीस साध्यासुध्या मुलांवर प्रयोग केला. सजवलेल्या खोलीत त्यांचा सुमारे ३९ टक्के वेळ भलतीकडे गेला, साध्या खोलीत २८ टक्के.

स्वमग्न मुलांना इतरांबरोबर शिकण्याचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे. पण कायदा वर्गाचे दार उघडतो. आत बसायला जागा आपणच करायची असते. तिला खर्च फारसा नाही.

वाचकहो, दिवाळीत आपली घरे दिव्यांनी, माणसांनी, आवाजांनी भरतील. पाहुण्यांत असे एखादे मूल असेल, तर त्याला ‘नमस्कार कर, गाणं म्हण’ म्हणून छेडू नका. आतल्या खोलीचा एक कोपरा त्याच्यासाठी मोकळा ठेवा. आणि ते आपण होऊन बाहेर येईल, तेव्हा पंगतीत त्याचा पाट मांडलेला असू द्या.