पालक फक्त सहीपुरता?

२०२१ मध्ये दहावीचा निकाल १६ जुलैला लागला. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के. परीक्षा झालीच नाही, तरी निकाल लागला, आणि वस्त्यावस्त्यांमध्ये पेढे वाटले गेले. वाटलेच पाहिजेत. दीड वर्ष घरात कोंडून घेतलेल्या, बापाचा रोजगार बुडालेला पाहिलेल्या पोरांच्या हातात गुणपत्रिका आली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. आमचा प्रश्न त्या पोरांना नाही. त्यांच्या शाळांना आणि शिक्षण खात्याला आहे. या गुणपत्रिकेवरचे आकडे कुठून आले, हे तुम्ही आमच्या आईबापांना कधी सांगितले?

सूत्र असे होते. नववीच्या निकालाचे ५० गुण, दहावीच्या वर्षभरातल्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे ३० आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिक यांचे २०. हे जाहीर झाले मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे वर्ष संपून गेल्यावर. ज्या नववीचे ५० गुण धरले त्या नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाच २०२० च्या टाळेबंदीत रद्द झाली होती. उरलेले ५० गुण शाळेच्या हातात. ज्या मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर स्वाध्यायाचे फोटो पाठवले त्याची नोंद वहीत आहे. ज्याच्या घरात एकच फोन होता आणि तो फोन बापासोबत सकाळी सातला मजूर अड्ड्यावर जात होता, त्याची नोंद काय झाली? कुठे शिक्षकाने माणुसकीने गुण भरले, कुठे भरले नाहीत. दोन्हीकडे पालकाला काहीच माहीत नाही. उत्तरपत्रिका नाही, म्हणून फेरतपासणी नाही. त्यातच अकरावीची सामाईक प्रवेश परीक्षा उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला रद्द केली. म्हणजे २०२१ चा अकरावीचा प्रवेश याच आकड्यांवर. कोणत्या महाविद्यालयात विज्ञान शाखा मिळणार आणि कोणाला नाईलाजाने गावातल्या कला शाखेत बसावे लागणार, हे त्या २० आणि ३० गुणांनी ठरणार होते.

यावर ठरलेले उत्तर येते: "आम्ही सगळ्या सूचना ग्रुपवर टाकल्या होत्या."

हा ग्रुप म्हणजे काय प्रकरण आहे, ते जरा पाहू. बहुतेक ठिकाणी ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येते. पालकाने वाचायचे, अंगठा दाखवायचा. विचारायचे नाही. सकाळी अकराला संदेश येतो की दुपारी एकपर्यंत चाचणी सोडवून पाठवा, आणि धुणीभांडी करून आई घरी पोचते तेव्हा तीन वाजलेले असतात. लिंक, पीडीएफ, गुगल फॉर्म, त्यावर इंग्रजीत सूचना. रिचार्ज संपला की ग्रुपही गेला, शाळाही गेली. महामारीच्या आधीच, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने सांगून ठेवले होते की देशातल्या ग्रामीण भागात इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे १४.९ टक्के आणि घरात संगणक असलेली ४.४ टक्के. हा आकडा सगळ्या जाती मिळून आहे. गावकुसाबाहेरच्या घरांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. सरकारी पाहणीच हे सांगत असताना "शाळा बंद, पण शिक्षण आहे" अशी मोहीम सरकारनेच चालवली. कोणाचे शिक्षण, एवढे सांगायचे राहिले.

आणि मग सुरू होते ते आमच्या सगळ्यात जास्त ओळखीचे वाक्य. "या लोकांचे पालकच जागरूक नसतात." शिक्षक खोलीत बोलले जाते, संस्थेच्या बैठकीत बोलले जाते, कधीकधी आमच्यातलेच शिकलेले, नोकरीला लागलेले लोकही बोलतात. "या लोकांचे" म्हणजे कोणाचे, हे सांगावे लागत नाही. शाळेने ज्याच्यापर्यंत पोचायचे होते तो पोचला नाही, म्हणून दोषी तोच. पाणवठ्यावर येऊ द्यायचे नाही आणि पुन्हा हे लोक अस्वच्छ म्हणायचे, ही युक्ती फार जुनी आहे.

जागरूक पालक आकाशातून पडत नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांच्याबद्दल आपण अभिमानाने बोलतो. मुलीचे दागिने गहाण टाकून मुलासाठी पुस्तक आणणारा बाप म्हणून सांगतो. पण हे विसरतो की सुभेदार सैन्यातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. लष्कराने त्या काळात सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षणाची सोय केली होती, म्हणून तो बाप मुलाचा अभ्यास घेऊ शकला. एका संस्थेने दार उघडले, तेव्हा एक जागरूक पालक तयार झाला. आज उलट चालले आहे. संस्था दार लावून आत बसली आहे आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला म्हणते, तुला आत यायची आवडच नाही.

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना हाच मुद्दा आकड्यांनी मांडला होता. पहिलीत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोचतात, मग सरकार खर्च कशावर करते, असा त्यांचा सवाल होता. शाळेत नाव घालणे आणि शाळेत टिकणे यातला फरक त्यांनी तेव्हाच दाखवला. आज ती गळती चौथीवरून नववी-दहावीवर सरकली आहे. नेमकी तिथे कायद्याची सावली संपते.

हा मुद्दा आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा, कारण सगळी गोम इथे आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे विनाअनुदानित सोडून इतर शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. कागदावर का असेना, हा हक्क आहे. पण हा कायदा सहा ते चौदा वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. मूल नववीत गेले की त्याच्या आईचा त्या खुर्चीवरचा कायदेशीर हक्क संपला. माध्यमिक शिक्षा अभियानात व्यवस्थापन व विकास समितीची कल्पना आली, पण ती मार्गदर्शक सूचनेतली. तिच्या मागे कायद्याचे बळ नाही. पालक-शिक्षक संघ आहेत, त्यांची कार्यकारिणी बहुतेक ठिकाणी संस्थाचालकाच्या ओळखीतून भरली जाते. नवीन शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात शिक्षण हक्क कायदा तीन ते अठरा वयापर्यंत वाढवण्याची शिफारस होती. २०२० मध्ये अंतिम धोरण आले, तेव्हा ती गायब झाली. त्यावर कोणत्या पक्षाने रान उठवले? आपल्याही पक्षांच्या पत्रकात ती ओळ शोधावी लागेल.

बाकी सगळे याच एका गोष्टीतून निघते. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत, म्हणून टाळेबंदीत कोरडा शिधा मिळाला तोही आठवीपर्यंतच्यांना. एकाच घरातल्या, एकाच शाळेतल्या दोन भावंडांपैकी धाकट्याचा तांदूळ आला, थोरल्या बहिणीचा नाही. ती दहावीत होती. मोफत पाठ्यपुस्तकांचेही तेच.

आता संमतीपत्राची गोष्ट. २३ नोव्हेंबर २०२० पासून राज्यात नववी ते बारावीचे वर्ग टप्प्याटप्प्याने सुरू करायला परवानगी मिळाली. अट एक: पालकाची लेखी संमती. आठ महिने ज्या पालकाला कोणी काही विचारले नव्हते, त्याची सही अचानक फार मोलाची झाली. सॅनिटायझर आहे का, बाके किती अंतरावर आहेत, शौचालयात पाणी आहे का, मुलाला ताप आला तर कोण काय करणार, हे सांगायला किती शाळांनी सभा घेतली? कागद मुलाच्या हाती घरी, सही करून परत. सहीचा अर्थ एवढाच की उद्या काही झाले तर तुम्हीच पाठवले होते. त्यात नोव्हेंबर म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. मराठवाड्यातले आईबाप कारखान्याच्या फडात, पोरगी गावात आजीजवळ. सही कोणी करायची? सही नाही म्हणून घरी बसलेल्या पोरीचे पुढे काय होते, हे वस्तीत काम करणाऱ्या कोणालाही माहीत आहे. लग्नाला पन्नास माणसांची परवानगी होतीच, आणि खर्चही वाचत होता.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करायचे, ठरवणार कोण, तर सरपंचाच्या अध्यक्षतेखालची समिती. पालकांशी चर्चा करून. ही चर्चा चावडीवर झाली की बौद्धवाड्यात, मातंगवाड्यात, पारधी तांड्यावर कोणी गेले? शहरात १७ ऑगस्टपासून शाळा उघडणार असे जाहीर झाले आणि दोन दिवसांत थांबलेही. ज्या बाईने त्या भरवशावर कामावर जायचे कबूल केले होते, तिला हे शाळेने कळवले नाही, टीव्हीने कळवले.

शिक्षकांना झोडपणे हा या लेखाचा हेतू नाही. घरोघरी जाऊन ओट्यावर पाच-पाच मुले बसवून शिकवणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. त्याच शिक्षकांना सरकारने सर्वेक्षणाला, तपासणी नाक्यांवर, रेशन दुकानांवर उभे केले. त्यात अनेक जण गेले. पण चांगला शिक्षक भेटला तर माहिती मिळणार, नाही भेटला तर नाही, हे नशिबावर सोडलेले शिक्षण झाले. हक्क नशिबावर सोडता येत नाही.

काही तरुण मित्र म्हणतील, अत्याचाराची प्रकरणे पडली आहेत, आरक्षण संपवले जात आहे, आणि तुम्ही पालकसभेचे काय घेऊन बसलात. मित्रांनो, आरक्षणाच्या जागेपर्यंत जायला आधी दहावी-बारावी ओलांडावी लागते. शिष्यवृत्तीचा अर्ज शाळेने भरला नाही, जात प्रमाणपत्राची सूचना वेळेत मिळाली नाही, म्हणून जागा रिकामी राहते आणि मग ती "उमेदवार उपलब्ध नाही" म्हणून दुसऱ्याला जाते. ती जागा नववीच्या सूचनाफलकावरच चोरीला गेलेली असते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. कलम २१ ची समिती बारावीपर्यंत, कायद्याने, आणि प्रतिनिधित्वाच्या त्याच अटींसह. प्रत्येक महत्त्वाची सूचना मराठीत, छापील, वस्तीतल्या समाजमंदिराच्या किंवा बुद्धविहाराच्या फलकावर. पालकसभा संध्याकाळी सातनंतर किंवा सुट्टीच्या दिवशी, आणि तिचे इतिवृत्त शाळेच्या दारावर. ऊसतोड, वीटभट्टीवर गेलेल्या पालकांना शाळेने फोन करावा, त्याची नोंद ठेवावी. दहावीच्या अंतर्गत गुणांचा विषयवार तपशील मागेल त्या पालकाला दाखवावा.

या शेवटच्या मागणीसाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल, तर माहिती अधिकारातला अर्ज दहा रुपयांत होतो, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत. आपल्या वस्तीतल्या २०२१ मध्ये दहावी झालेल्या मुलांची यादी करा. त्यांच्या पालकांना घेऊन बसा, अर्ज त्यांच्या नावाने, त्यांच्या सहीने लिहा, आणि मुख्याध्यापकांच्या कार्यालयातून पोच घेतल्याशिवाय उठू नका.

जय भीम.