सेवापुस्तक हरवलं कार्यालयानं, फेऱ्या मारायच्या डॉक्टरांनी?

प्राथमिक आरोग्य केंद्रात आयुष्य घालवलेला डॉक्टर खेड्यापाड्यासाठी फॅमिली डॉक्टरच असतो. साप चावला, बाळंतीण अडली, रात्री-अपरात्री कोणी दार ठोठावलं की हाच माणूस उठतो. आणि निवृत्त झाला की हाच माणूस पिशवीत झेरॉक्स घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी कारकुनाच्या टेबलासमोर उभा असतो. 'डॉक्टरसाहेब, तुमच्या सेवापुस्तकात चार वर्षांची पडताळणी नाही. जुन्या तालुक्यातून दाखला आणा.'

गेली कित्येक वर्षं बातमीदारी करताना मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की आता सरळ विचारतो : दाखला डॉक्टरांनी का आणायचा?

डॉक्टरांचं दुखणं वेगळं आहे, हेही समजून घ्या. सुरुवातीला अकरा-अकरा महिन्यांचे अस्थायी आदेश, मध्ये तांत्रिक खंड. मग बदल्या : या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात, आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात. प्रत्येक बदलीत सेवापुस्तक मागून येणार. कुठे रजेची नोंद राहिली, कुठे वेतननिश्चितीवर पडताळणी पथकाचा शिक्का नाही, कुठे खंड क्षमापित केल्याचा आदेशच सापडत नाही. यातला एकही कागद डॉक्टरांच्या ताब्यात नव्हता. तो कार्यालयाच्या कपाटात होता. हरवला तर तिथेच हरवला ना?

आता नियम काय म्हणतो ते बघा. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी कागदपत्रांची तयारी कार्यालय प्रमुखानं सुरू करायची. सहा महिने आधी प्रकरण महालेखापालांकडे जायला हवं. काही काळाची सेवा पडताळता येत नसेल, तर कर्मचाऱ्याचं साध्या कागदावरचं लेखी निवेदन आणि सोबतचा पुरावा घेऊन पुढे जायची वाटही त्याच नियमांत आहे. म्हणजे हरवलेल्या कागदाचं उत्तर सरकारनंच लिहून ठेवलंय. पण टेबलावर ते कोणी सांगत नाही. कारण सांगितलं तर काम आपल्यालाच करावं लागेल!

उपदान रखडलं तर १२९-अ, निवृत्तिवेतन रखडलं तर १२९-ब. मुदतीबाहेर उशीर झाला की व्याज. पण किती जणांना ते आपणहून मिळालं? आणि जबाबदारी निश्चित होऊन किती जणांवर कारवाई झाली? तुमच्या माहितीत एक तरी असेल तर सांगा, मी आनंदानं बातमी करीन.

कोणी म्हणेल, कार्यालयात माणसं कमी आहेत, पदं रिकामी आहेत. खरंय. पण मग त्या रिकाम्या पदाचं काम सत्तरीकडे झुकलेल्या निवृत्ताकडून फुकटात करून घ्यायचं, हा कुठला न्याय? केरळ सरकार विरुद्ध पद्मनाभन नायर हे प्रकरण असंच एका कागदावरून, अंतिम वेतन प्रमाणपत्रावरून, दोन वर्षांहून जास्त अडलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये स्पष्ट केलं की निवृत्तिवेतन आणि उपदान ही सरकारची मेहरबानी नाही, तो हक्क आहे, आणि हलगर्जीपणाच्या उशिराला व्याजाचा दंड बसलाच पाहिजे. चाळीस वर्षं झाली. आपल्याकडचं टेबल अजून तिथंच आहे.

मागणी साधी आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सेवापुस्तकातल्या त्रुटींची यादी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी त्याच्या हातात द्यावी. जुन्या कार्यालयांशी पत्रव्यवहार कार्यालयानंच करावा. आणि तोंडी 'त्रुटी आहे' चालणार नाही, लेखी द्या.

जे सेवेत आहेत त्यांना एवढंच सांगणं : सेवापुस्तक दरवर्षी दाखवून सही घेणं हे कार्यालयाचं काम आहे. मागा. नाही दाखवलं तर माहितीच्या अधिकारात प्रत घ्या. दुय्यम सेवापुस्तक अद्ययावत करून घरी ठेवा. आणि जे निवृत्त होऊन फेऱ्या मारतायत त्यांनी उद्याची फेरी रद्द करून आधी कार्यालय प्रमुखाच्या नावे अर्ज टाकावा, पोच घ्यावी, अर्जात व्याजाचा नियम लिहावा.

गावाची नाडी तीस वर्षं ज्यानं पाहिली, त्याची फाईल पाहायला सरकारला वेळ नसेल, तर नवा डॉक्टर खेड्यात का येईल? आरोग्य केंद्रं ओस का पडतात, याचं एक उत्तर त्या कपाटातही आहे.

पटलं तर पुढे पाठवा. तुमच्या गावच्या डॉक्टरांपर्यंत पोचू द्या.