वाकडा टाका, सैल टाका

आमच्या शेजारच्या घरी एका मुलाने आपली पहिली गोधडी शिवली. ती शिवताना त्याच्या आजीने त्याला किती मदत केली, आणि किती केली नाही, हे मी रोज पाहत होतो. ते पाहून माझे एक मत बनले आहे. लहानांना काम शिकवताना त्यांच्या सगळ्याच चुका सुधारू नयेत, असे ते मत होय. हे कोणाला विचित्र वाटेल. म्हणून घडले ते आधी सांगतो.

आमचे गाव पाथर्डी तालुक्यातले. अहमदनगर जिल्ह्याचा हा कोरडा भाग; जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. उत्तरेकडे प्रवरेच्या पाटपाण्यावर ऊस पिकतो. तेथे लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटलांनी उभारलेला सहकारी साखर कारखाना १९५० सालापासूनचा आहे. आमच्याकडे पाऊस बेताचा. म्हणून नवरात्रातली मोहटादेवीची यात्रा आटोपली, की कितीतरी घरांतली माणसे कोयत्यांना धार लावतात आणि दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात. पुढचे चार-पाच महिने फडाजवळच्या कोपीत त्यांचा संसार असतो. शाळेत जाणारी मुले पुष्कळदा मागे आजीजवळ राहतात; तान्ही मुले मात्र आईबरोबर जातात.

ह्या मुलाचे आईवडीलही निघणार होते. सहा महिन्यांची धाकटी बहीण त्यांच्याबरोबर जाणार होती. कोपीत पहाटेचा गारठा भारी असतो, हे त्याला ठाऊक होते. तिच्यासाठी आपण गोधडीचे एक दुपटे शिवावे, असे त्याने स्वतःच ठरवले. त्याचे वय बारा वर्षांचे. "हे तर मुलींचे काम!" असे म्हणून एक-दोन सोबती हसले. गावातला शिंपी तर पुरुषच आहे, एवढे उत्तर देऊन तो कामाला लागला.

आजीने प्रथम कापड निवडून दिले. घरातल्या नव्या झुळझुळीत साड्या तिने बाजूला सारल्या. त्या घाम टिपत नाहीत आणि शिवताना सुईखालून निसटतात. तिचे स्वतःचे एक जुने सुती लुगडे मात्र धुऊनधुऊन लोण्यासारखे मऊ झाले होते. ते तिने उन्हात वाळवून दिले. दोन हात लांब आणि दीड हात रुंद असे त्याचे चार थर एकावर एक अंथरले. वरच्या थरावर मुलाने आपल्या जुन्या शाळेच्या सदऱ्याचे आणि वडिलांच्या धोतराचे तुकडे मांडले. चारही कोपऱ्यांवर दगड ठेवून आजीने लांबलांब कच्चे टाके घातले, म्हणजे थर हलू नयेत. मग तिने काठालगत एक वीतभर धावदोरा घालून दाखवला आणि सुई त्याच्या हाती दिली. त्यानंतर तिने सुई हाती घेतली नाही.

पहिली ओळ सापासारखी वळवळत गेली. बोटाला सुई टोचली. तो कंटाळून म्हणाला, "आजे, तूच घाल की एक ओळ."

"येक वळ मी घालीन लेकरा," ती म्हणाली, "मंग दुसरी कोन घालील?"

दुसऱ्या दिवशी मी पाहिले, तर तो खाली मान घालून टाके उसवत होता. मला वाईट वाटले. पोराने एवढ्या कष्टाने घातलेले टाके म्हातारीने उसवायला लावले, ही कठोरता झाली, असे मी तिला म्हणालो. तिने काही न बोलता दुपटे माझ्यापुढे पसरले. ती वाकडी पहिली ओळ जशीच्या तशी होती! तो उसवत होता ती तिसरी ओळ. आणि ती तर पहिलीपेक्षा सरळ होती.

"वाकडा हाये, राहू दे," आजी म्हणाली. "पन ह्यो ढिला हाये. ह्यो उसवायला पायजे."

मी त्या सैल टाक्यांखाली बोट घालून पाहिले, तेव्हा तिचे म्हणणे मला उमगले. गोधडीची ऊब नुसत्या कापडात नसते. कापडाच्या थरांमध्ये हवा कोंडून राहते. ती अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. थर जागच्या जागी राहतात ते टाक्यांमुळे. टाका सैल असला, की धुताना आतले कापड सरकते, एका कोपऱ्यात त्याचा गोळा होतो आणि दुसरीकडे नुसते दोन पदर उरतात. तेथून तान्ह्या मुलीला थंडी लागणार. वाकड्या टाक्याने मात्र तिचे काही बिघडणार नव्हते. वाकडेपणा केवळ डोळ्यांना दिसतो. सैलपणा मात्र दुसऱ्या जिवाला सोसावा लागतो. ह्या दोन चुका आजीने एका तराजूत तोलल्या नाहीत.

कोणी म्हणेल, वाकडे तसेच राहू दिले तर मूल बेफिकीर होईल. मला तसे वाटत नाही. काठापासून मधोमध जाणाऱ्या त्या ओळी मी क्रमाने पाहिल्या. पहिलीपेक्षा पाचवी सरळ होती आणि दहावी त्याहून सरळ. पहिली ओळ उसवली असती, तर आपला हात किती सुधारला हे मुलाला कशावरून कळले असते? आणि आजीने ती स्वतः घातली असती, तर दुपटे देखणे झाले असते खरे. पण ते आजीचे झाले असते.

दुसरा कोणी म्हणेल, बाजारात ब्लँकेट मिळत असताना हा खटाटोप कशाला? ब्लँकेटही ऊब देते, हे मी नाकारीत नाही. ज्याला वेळ नाही त्याने ते खुशाल आणावे. पण सैल आणि वाकडे ह्यांतला भेद बाजारात विकत मिळत नाही. तो हाताने काम करतानाच कळतो.

हा भेद थोरांनीही जाणला होता. गाडगेबाबा (१८७६–१९५६) ठिगळांचे वस्त्र पांघरीत, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. वस्त्र कसे दिसते ह्याची त्यांनी पर्वा केली नाही; पण गाव झाडताना त्यांच्या खराट्याने कसूर केली नाही. दूर अमेरिकेत, अलाबामा राज्यात, जीज बेंड नावाचे खेडे आहे. पूर्वी गुलाम म्हणून राबलेल्या लोकांचे वंशज तेथे राहतात. तेथील स्त्रिया कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत आल्या. ही कला त्या आई-आजीकडून शिकल्या. त्या गोधड्यांतल्या रेषा पुष्कळदा सरळ नाहीत. तरीही २००२ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या संग्रहालयात त्या मांडल्या गेल्या आणि २००६ साली त्यांची चित्रे टपालाच्या तिकिटांवर आली.

आमच्या शेजारचे दुपटे कोणत्याही संग्रहालयात जाणार नाही. दिवाळीनंतर ते ट्रॅक्टरवर, भांड्याकुंड्यांच्या बोचक्याशेजारी, आईच्या मांडीवरच्या मुलीभोवती गुंडाळून गेले. ट्रॅक्टर हलला तेव्हा मुलाने पुढे होऊन दुपट्याचा काठ दोन्ही हातांनी ओढून पाहिला. टाके घट्ट होते. मग तो मागे सरला आणि आजीजवळ जाऊन उभा राहिला.

मुलांनो, तुमच्या घरीही एखादे जुने सुती लुगडे किंवा धोतर असेल, आणि ते शिवायला शिकवणारे कोणी वडीलधारे माणूसही असेल. सुटीत त्यांच्याजवळ बसा. पहिले काम लहानच घ्या, म्हणजे ते पुरे होईल. कसे करायचे ते त्यांना विचारा. पण सुई आपल्याच हाती ठेवा. ओळ वाकडी गेली, तर पुढची सरळ घालण्याचा प्रयत्न करा. टाका सैल पडला, तर मात्र कंटाळा न करता तो उसवा.