प्रकाश आमच्या दारात, प्रयोगशाळेचे दार मात्र बंद!

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत घराघरांत, बुद्धविहारांत आज एलईडीचा उजेड आहे. दिवा आपण विकत आणतो. पण तो घडवणारे ज्ञान कुणाच्या ताब्यात आहे, हे विचारत नाही.

एलईडी आणि लेसर साध्या सिलिकॉनपासून बनत नाहीत. त्यांना गॅलियम आर्सेनाइड, गॅलियम नायट्राइड यांसारखे संयुग अर्धवाहक लागतात. तापलेल्या चकतीवर ठराविक वायू सोडून अणूंचे थर चढवावे लागतात. उपग्रहांवरचे सौरघटही असेच वाढवतात. शुजी नाकामुरा यांनी जपानमधील तोकुशिमाच्या एका लहान कंपनीत रिअॅक्टरमध्ये स्वतः फेरबदल करून १९९३ साली तेजस्वी निळा एलईडी साकारला. तेव्हा त्यांच्याकडे डॉक्टरेटही नव्हती! २०१४ साली ते नोबेलचे मानकरी ठरले. गुणवत्ता कुणाची वतनदारी नसते. तिला यंत्र आणि संधी मिळावी लागते.

हे थर मुंबईतही वाढवले जातात, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. संस्था जनतेच्या पैशावर चालते. पण केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील अध्यापकांच्या आरक्षणाचा कायदा २०१९ साली झाला, तेव्हा कलम ४ खालील परिशिष्टात या संस्थेचे नाव घालून तिला आरक्षणातून वगळण्यात आले. कारण काय, तर 'उत्कृष्टता'! म्हणजे आमची मुले आली की उत्कृष्टता बाटते काय? पुढे २०२० साली सरकारी समितीने आयआयटींनाही याच यादीत घालण्याची शिफारस केली. मनुस्मृतीने ज्ञानबंदी केली. ही तिचीच सुधारित आवृत्ती नव्हे काय?

बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. आज त्याच्या फोर्टातील इमारतीपासून ही संस्था काही किलोमीटरवर आहे. हे अंतर रस्त्याचे नाही, व्यवस्थेचे आहे.

म्हणून चळवळीने दोन कामे हाती घ्यावीत. कलम ४ आणि ते परिशिष्ट रद्द करा, ही मागणी प्रत्येक खासदाराकडे लेखी न्यावी. आणि कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथच्या विहारांतील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी भौतिकशास्त्राची पुस्तकेही ठेवावीत. कारकुनीच्या जागांसाठी आपण लढलो, लढत राहू. आता प्रयोगशाळेतील जागाही मागितली पाहिजे. उजेडाचे गिऱ्हाईक होऊन भागणार नाही. उजेडाचे निर्माते व्हावे लागेल!